बीएस्सी, बीएड आणि जट

"तुम्ही नववी-दहावीला विज्ञान शिकवता ना? मग इतकी वर्षं डोक्यात जट कशी ठेवलीत?"

हा प्रश्न मला शिक्षकांच्या प्रशिक्षणात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा गडहिंग्लजच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही विचारला. जट कापतानाचे फोटो मोबाइलवर फिरले, तेव्हापासून माझा चेहरा लोकांच्या ओळखीचा झालाय. विचारणाऱ्याला काय उत्तर हवंय ते मला त्याच्या तोंडावर दिसतं. अज्ञानात होते, कुणीतरी डोळे उघडले, सुटले. सुरुवातीला कार्यक्रमांतून मी असंच सांगायचे. टाळ्याही पडायच्या. पण ते तसं घडलेलं नाही आणि आता मला तसं सांगवत नाही.

जट का होते हे मला ती व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. विंचरणं थांबलं, त्यात तेल, घाम, धूळ बसली आणि डोकं उशीवर घासत राहिलं की हे खवले एकमेकांत अडकतात. गळलेले केसही मग बाहेर पडत नाहीत, आतच गुंततात. दुसऱ्या बाळंतपणात माझे टाके पिकले, ताप हटेना, कितीतरी दिवस मी डोक्याला फडकं बांधून पडून होते. उठले तेव्हा मानेच्या वर एक घट्ट गाठ हाताला लागली. तेल घालून बोटांनी सोडवत बसले असते तर सुटली असती. तेवढ्यात आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, थोरली बहीण आली. त्या जोगतीण, यल्लम्मा देवीला वाहिलेल्या. परडी खाली ठेवून त्यांनी माझी मान वाकवली, गाठ चाचपली आणि तिला भंडारा लावला. "आई आलीया. कंगवा लावू नगंस."

मी कंगवा लावला नाही.

तुमचा प्रश्न इथंच अडतो. "पण तुमचा विश्वास होता का?" अहो, मला त्या वेळी कुणी विश्वास विचारलाच नाही. मला दुसरीही मुलगीच झाली होती. दवाखान्यात आत्या बाळ बघायला आल्या नव्हत्या. घरात मी अजून उठून बसत नव्हते तोवर 'पुढच्या खेपेला' हे शब्द सुरू झाले होते. त्या गाठीनंतर त्याच आत्या मंगळवारी-शुक्रवारी मला हळद-कुंकू लावून माझ्या पाया पडायला लागल्या. पुढच्या खेपेचा विषय घरातून उठला. जिच्या अंगावर देवी आली आहे तिच्याशी रात्री जबरदस्ती करायची नसते, हे ह्यांना माझ्या सांगण्यानं कधी पटलं नव्हतं. गाठीनं पटवलं. मी नोकरीवर परत जाणार म्हटल्यावरही कुणी हूं की चूं केलं नाही.

एवढं सगळं एका गाठीनं मिळत असेल तर ती सोडवायची कुणी? तुम्ही सोडवली असती?

मग ते ढोंग होतं का, असं काहीजण चिकाटीनं विचारतात. नव्हतं. एकदा जटेचं टोक न्हाणीच्या दाराच्या कडीत अडकून तुटलं. त्या रात्री धाकटीला जुलाब लागले, आणि मी, हो, मीच, पहाटे उठून परडी भरली, नाक घासलं. दुसऱ्या दिवशी शाळेत नियंत्रित प्रयोग म्हणजे काय ते शिकवलं आणि चांगलं शिकवलं. उपग्रह सोडायच्या आधी त्याची छोटी प्रतिकृती तिरुपतीला बालाजीच्या पायाशी नेतात, तेव्हा त्या शास्त्रज्ञांना कुणी एसटीत गाठून 'शिकलेले असून?' असं विचारत नाही. हा युक्तिवाद लंगडा आहे हे मला कळतं. त्यांच्या मानेवर ओझं नसतं, वास येत नाही, उवा होत नाहीत. माझी जट कमरेपर्यंत आली होती. धुतली की दोन-दोन दिवस आतून ओली राहायची. एका कुशीवरच झोपता यायचं. पुढच्या बाकावरच्या मुली मी जवळ गेले की नाकाला रुमाल लावायच्या आणि मी पाहिलं की काढायच्या.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. आमच्या शाळेत शोकसभा झाली आणि विज्ञानाच्या बाई म्हणून बोलायला मला उभं केलं. डोक्यावर पदर घट्ट ओढून मी बोलले. विवेक, चिकित्सा, कार्यकारणभाव, सगळं बोलले. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं पदराखाली काय आहे, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या जादूटोणाविरोधी विधेयकाचा खुनानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. एवढी वर्षं जे युक्तिवाद चालले होते त्यांत त्या आठवड्यात नवीन काय भर पडली होती? काहीही नाही. फक्त गप्प बसणं महाग झालं होतं.

आता ज्या दिवसाबद्दल मी कार्यक्रमांत बोलत नाही तो सांगते.

थोरली सातवीत होती. त्याच वर्षी तिची पाळी सुरू झाली होती. रविवार होता, तिला न्हायला घालायला बसवलं. काही दिवसांपासून ती वेणी घालू देत नव्हती, स्वतःच वर अंबाडा बांधायची. मला वाटलं, वयात आलीय, लाजते. अंबाडा सोडला, तांब्यानं पाणी ओतलं, आणि पाणी एका ठिकाणी अडलं. बोटं घातली. मानेच्या वर, माझी जिथं सुरू झाली होती तिथंच, गाठ. केसांना गूळपाण्याचा चिकटपणा होता. गाठ आपोआप झालेली नव्हती.

"हे काय केलंस?"

ती बोलेना. मी तिचा दंड धरला, बहुतेक जोरात धरला. मग ती म्हणाली, "मला पण येऊ दे की, आई."

"कशासाठी?"

"जट आली की लग्न करत नाहीत ना?"

आत्या मागच्या दिवाळीपासून म्हणत होत्या की हिला माझ्या लेकीच्या घरात द्यायची. आम्ही ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून देत होतो. पोरगी सोडून देत नव्हती. तिनं घरात बघितलं होतं की आईनं पाय आपटून, रडून, पगार हातात ठेवून जे मिळालं नाही ते जटेनं मिळालं. तिनं निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला. मी वर्गात तेच करायला शिकवते.

तिला एवढंच माहीत होतं की लग्न होत नाही. त्याऐवजी काय होतं ते माहीत नव्हतं. जट आलेली मुलगी देवीला सोडायची, म्हणजे देवदासी करायची, हे आमच्या भागात यल्लम्माच्या सौंदत्तीची वाट जितकी जुनी तितकंच जुनं. याविरुद्धचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला, कर्नाटकानं १९८२ मध्ये केला, महाराष्ट्रानं पुन्हा २००५ मध्ये. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, लहानपणी सोडलेली. तिच्या गळ्यातलं दर्शन, म्हणजे देवदासीची मण्यांची माळ, पोरीनं पाहिलं होतं. तिला कुणाकुणाच्या दारात राहावं लागलं ते मी पोरीला कधी सांगितलं नव्हतं. जी गोष्ट माझं लग्न झाल्यावर, पगार चालू असताना माझ्या अंगावर आली तिनं मला वाचवलं. तीच बारा वर्षांच्या पोरीवर आली असती तर तिला खाल्लं असतं. गाठ तीच, केस तसेच, खवले तसेच.

मी खोबरेल तेलाची अख्खी बाटली आणली. गाठीत ओतली आणि जाड दातांच्या कंगव्याचं टोक घालून एकेक केस सोडवायला लागले. पोरगी रडत होती. दुखत असणारच. कंगव्याचा आवाज ऐकून आत्या न्हाणीच्या दारात आल्या. आधी मला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "सूनबाई, तिला हात लावू नगंस. तुझ्या पाया पडते." आणि खरंच ओल्या फरशीवर बसल्या, माझ्या पायांवर डोकं ठेवायला. इतकी वर्षं मी त्यांना पाया पडू दिलं होतं. त्या दिवशी मी पाय मागे घेतला आणि विंचरत राहिले. दुपार टळली तेव्हा गाठ सुटली, ताटलीत मूठभर गळलेले केस निघाले. माझे हात थरथरत होते. श्रमानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पोरीनं मग आरशात न बघताच विचारलं, "मग तुझी?"

माझी दाभोलकरांच्या समितीच्या कार्यकर्त्या बायकांनी कापली, माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या सोप्यात. कात्री एका घावात चालत नाही, दोरखंड कुरतडावा तसं थोडं थोडं कापावं लागतं. फोटो तुम्ही पाहिलेतच. त्यात मी हसतेय कारण मान हलकी झाली होती.

तर डोळे उघडले म्हणून कापली, हे खोटं. किंमत बदलली म्हणून कापली.

नंतर व्याख्यानासाठी वाचताना कळलं की हे आपलंच लेणं नाही. पोलंडात शेकडो वर्षं लोक जटा बाळगायचे. डॉक्टरी पुस्तकात जटेचं नावच प्लायका पोलोनिका. आजार तिच्यावाटे बाहेर पडतो, कापली तर आत उलटतो, आंधळेपण येतं, ही तीच भीती. बरं वाटावं म्हणून मुद्दाम जट वाढवणारेही होते, माझ्या पोरीसारखे. एकोणिसाव्या शतकात क्राकोवचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी जटवाल्यांची मोजणी केली, त्यांना धर्मादाय मदत बंद केली, शाळा-कचेऱ्यांत मज्जाव केला, दंड सुचवला. जटेवर कर बसणार अशी अफवा उठली. त्या भागातल्या जटा मग गेल्या, याला या सगळ्याचा हातभार लागला म्हणतात.

हे वाचून मला आधी आनंद झाला, मग राग आला. मला कुणी शाळेत यायला बंदी केली असती तर मी कापली असती का? बहुधा. आणि मग घरात माझं काय झालं असतं? डिट्लसाहेबांनी तिकडच्या बायकांना हे विचारलं होतं का? माझ्यातली व्याख्यानं देणारी बाई म्हणते, पण जटा गेल्या ना. दुसरी म्हणते, जटा गेल्या, त्या बायका जटेआड कशापासून लपल्या होत्या ते गेलं का? या दोघींचं अजून जमलेलं नाही.

आणि पुढचं. जट कापली त्याच महिन्यात आत्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापूरला ऑपरेशन झालं. फरशीवर शेवाळ होतं, वय सत्तरीच्या पुढं, हाडं ठिसूळ. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तरी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकड्यावर बसले असताना माझा हात सारखा मानेकडे जात होता. कात्रीनं केस गेले. ते आतलं कात्रीच्या टप्प्यात नव्हतं.

मावशी, त्या जोगतीण, दवाखान्यात येऊन जे बोलायचं ते बोलून गेल्या. आत्या मला काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एका रात्री मी औषध देताना म्हणाल्या, "तुझा दोष न्हाई. आईनं मला धरलं. पोरीचं लगीन ठरवाय निघाले हुते, तिला ते नको हुतं." त्यानंतर लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही.

मी काय करायला हवं होतं? "आत्या, देवीनं नाही, शेवाळानं पाडलं," असं म्हणायला हवं होतं. मी औषध दिलं आणि दिवा मालवला. समितीतल्या एका ताईंना हे सांगितलं तर त्या रागावल्या. म्हणाल्या, "मग आपण केलं काय एवढं?" त्यांचं बरोबर आहे. जट कापायला आलेल्या बायका मला विचारतात, तुमच्या घरात नंतर काही झालं का? ताई म्हणतात, खुब्याचं सांगत जाऊ नका. मी सांगते, शेवाळासकट सांगते. काही बायका तरीही बसतात. काही पदर सावरून उठून जातात, आणि ताई माझ्याकडे बघतात.

थोरलीची बारावी तोंडावर आली आहे. गेल्या आठवड्यात आत्या वॉकर न घेता अंगणापर्यंत चालत गेल्या. खूश होत्या. म्हणाल्या, "आईनं माफ केलं म्हणायचं." आणि संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या लेकीला फोन लावायला सांगितला. मी 'रेंज नाही' म्हणाले. उद्या रेंज असेल. तेव्हा त्यांना शेवाळ समजावून सांगायचं, की देवी अजून रागावलेलीच आहे म्हणायचं, हे माझं ठरत नाहीये.