माझा खोकला आणि २७ दिवसांची नात

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कराडला आली तेव्हा मला नुसती सर्दी होती. आठवड्याभरात खोकला लागला. रात्री अशी उबळ यायची की एका दमात पंधरा-वीस ठसके, शेवटी ओकारी, आणि बरगड्या सकाळपर्यंत ठणकायच्या. दोन ठिकाणी दाखवलं. 'हवा बदललीय, ॲलर्जी असेल,' म्हणाले. अडुळसा, ज्येष्ठमध, सगळं करून झालं. बारशानंतर नातीला रोज पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी मीच. खोकला आला की तोंडाला पदर लावायचा, एवढीच काळजी मी घेत होते.

२७व्या दिवशी पहाटे दूध पिता पिता ती गप्प झाली. खोकली नाही, रडली नाही. ओठ जांभळे पडले, छाती हलेना. लेकीनं पाठ चोळली तेव्हा कुठे श्वास परत आला. तसेच दवाखान्यात धावलो. बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाळाला तपासता तपासताच विचारलं, "घरात खोकला कुणाला आहे?"

नाकातला नमुना पीसीआरला, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या तपासणीला, गेला आणि उत्तर आलं: डांग्या खोकला. हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं. पण माझ्या डोळ्यांसमोर 'हूप' असा आवाज काढत श्वास ओढणारी चार-पाच वर्षांची पोरं होती. इतक्या तान्ह्या जिवाला तो आवाज काढायची ताकदच नसते. पुष्कळदा खोकलाही दिसत नाही, सरळ श्वास थांबतो. न्यूमोनिया होतो, आकडी येते, मेंदूला इजा होऊ शकते. मोठ्यांना मात्र हाच आजार दोन-तीन महिने रेंगाळणारा हट्टी खोकला वाटतो.

नात अकरा दिवस दवाखान्यात होती. ॲझिथ्रोमायसिन तिला मिळालं आणि घरातल्या आम्हा सगळ्यांनाही. या औषधानं जंतू मरतात, दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. पण एकदा उबळी सुरू झाल्या की त्या औषधाला दाद देत नाहीत, कारण जंतूंच्या विषानं श्वासनलिकेचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं. सुरुवातीच्या सर्दीतच ओळखलं तर उपयोग जास्त. आणि नेमकं तेव्हाच कुणाला शंका येत नाही.

"पण मी गरोदरपणात दोन्ही इंजेक्शनं घेतली होती," लेक रडत म्हणाली. ती टीडीची होती, धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्या खोकल्याची लस त्यात नसते. त्यासाठी टीडॅप घ्यावं लागतं, २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे आईची प्रतिपिंडं, आजाराशी लढणारे घटक, वारेतून बाळापर्यंत पोचतात. बाळाची स्वतःची पेंटाव्हॅलंट, डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची लस, सहाव्या आठवड्याला सुरू होते, पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. तोवर बाळाकडे आईनं दिलेलंच काय ते असतं. आपल्याकडे टीडॅप बहुतेक खासगीतच, पैसे मोजून मिळतं. ते प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बाईंनी फ्लूचंही तेव्हाच सांगितलं. ती लस सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही, म्हणून तिथंही आईनंच घ्यायची, गरोदरपणात केव्हाही. २००९च्या ऑगस्टमध्ये आम्ही पुण्यात होतो. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू तिथलाच, चौदा वर्षांच्या मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेरच्या त्या रांगा मी पाहिल्यात. फ्लूला साधी सर्दी म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून वाद घालते. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बायका यांना तो जास्त गाठतो. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लस दरवर्षी. आमच्या यांना मधुमेह आहे, ते पावसाळ्याआधी घेतात. मी मात्र स्वतःसाठी कधी घेतली नव्हती.

नात आता दहा महिन्यांची आहे. पेंटाव्हॅलंटनंतर मांडी सुजली, रात्रभर ताप होता, दुसऱ्या दिवशी उतरला. सहा महिन्यांची झाल्यावर फ्लूची लस आणि चार आठवड्यांनी दुसरा डोस. मीही टीडॅप आणि फ्लू, दोन्ही घेतल्या.

परवा भाचीचा फोन आला. अठ्ठाविसावा आठवडा लागलाय. टीडॅप घेतलं का विचारलं, तर म्हणाली, "मावशी, धनुर्वाताची दोन्ही झालीत की." मंगळवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे.