पल्सर विकत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली ती काळी पल्सर विकून का टाकत नाही, हे मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, भाजीवाल्यापाशी विचारतात आणि ज्याची गाडी आहे तो माझा मुलगा तर फोन केला की विचारतो. तो वाकडला राहतो, मोटारीतून फिरतो. "आई, दहा-बारा हजार येतायत तोवर काढून टाक." सून समजूतदार आहे, ती नुसती कव्हरकडे बघते.

लोकांना वाटतं, लेक वेगळा राहायला गेला म्हणून आई त्याची वस्तू कवटाळून बसलीय. तसं काही नाही. त्याची बॅट मी देऊन टाकली, इंजिनिअरिंगची पुस्तकं रद्दीत घातली, त्याच्या कपाटात आता माझ्या साड्या आहेत. रविवारी तो जेवायला येतो. त्याची आठवण यायला मला दीडशे सीसीचं इंजिन लागत नाही.

गाडी त्यानं २००८ मध्ये हप्त्यांवर घेतली. माझा विरोध होता. आमच्याकडे तोवर ह्यांची चेतक आणि माझी लुना. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितलेली माणसं आम्ही, आणि लुना म्हणजे ५० सीसी, चढ आला की पायडल मारा. ही आली ती जाहिरातीत स्वतःला 'डेफिनेटली मेल' म्हणवून घेत. (हल्ली तिची सगळी उस्तवार साठी उलटलेली बाई करते, हे त्या जाहिरातवाल्यांना कुणीतरी कळवा.)

त्याची शिफ्ट मध्यरात्री सुटायची. हिंजवडीहून कोथरूडला यायचं म्हणजे बायपास, त्यावर ट्रक, आणि पुढे चांदणी चौकातला तो जुना अरुंद पूल, २०२२ मध्ये पाडला तो. हे शांतपणे घोरत असायचे. मी पडलेली असायचे, झोपलेली नाही. गल्लीत शिरणाऱ्या गाड्या ऐकत राहायचे. ही नव्हे, ही पण नव्हे. आमच्या कोपऱ्यावर स्पीडब्रेकर आहे, तिथे तो गिअर पाडायचा. मग वॉचमनची झोप मोडू नये म्हणून फाटकाच्या आधीच इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळत आत आणायचा. त्यामुळे मी कान लावून असायचे ते आवाज थांबण्याकडे. पाठोपाठ डबल स्टँडचा खणका. की मी कूस बदलली. "जेवलास का" विचारायला उठायचे नाही. आई जागी असते हे कळलं असतं, तर तो घाईनं यायला लागला असता.

एकदा पहाटेपर्यंत आला नाही. फोन बंद. चेन तुटली होती आणि पठ्ठ्या बावधनपासून गाडी ढकलत आला. त्याला जे बोलायचं ते बोलले, पण गाडीला शिव्या घालायचं मनातही आलं नाही.

नवले पुलावरच्या अपघातांच्या बातम्या तुम्हीही वाचता. अशा बातम्यांतल्या मुलांच्या आयासुद्धा माझ्यासारख्याच कान लावून पडलेल्या असणार. त्यांच्याकडची गाडी आली नाही. माझ्याकडची आली, पावसात आली, पंक्चर होऊन आली, पण आली. देवाला मी रोज नैवेद्य दाखवते, त्याचा माझा हिशोब चुकता आहे. या गाडीचं देणं मात्र माझ्याकडे राहिलंय, आणि तिला भंगारात घालून ते फिटेल असं मला वाटत नाही. मुलाला हे पटणार नाही. तो गाडीवर बसलेला असायचा, वाट बघत नसायचा.

पण ठेवायची तर नीट ठेवायची. उभी गाडी लवकर मरते. बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबतात, कार्बोरेटरमधलं पेट्रोल चिकट होऊन जेट चोंदतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं. मेकॅनिकनं शिकवलंय तसं, गाडी ठेवताना मी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू देते, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. सेल्फ मी मारते. चक्कर हे मारून आणतात, कर्वे पुतळ्यापर्यंत. हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली देत नाही. या गाडीला दोन स्पार्क प्लग असतात हेही मला आता ठाऊक आहे. पार्ट नाना पेठेत मिळतात. दसऱ्याला झेंडूचा हार पहिला तिला, मग मुलाच्या मोटारीला, आणि तो दरवर्षी तोंड वाकडं करतो.

२०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा फी आणि हरित कर भरून आरसी आणखी पाच वर्षांची करून घेतली. परवा नवी नंबरप्लेटही बसवली. "विकून येतील त्याहून जास्त घालवून बसशील," मुलगा म्हणाला. घालवीन. पेन्शन माझी आहे.

आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि बंद पडलेल्या गाड्या हलवा अशी नोटीस लागलीय. माझी बंद नाही. मी आरसी, विमा आणि दर सहा महिन्यांनी न चुकता काढलेली पीयूसी घेऊन सेक्रेटरींकडे गेले आणि बरोबरीनं त्यांच्या स्कूटरचेही कागद बघायला मागितले. त्यांची पीयूसी दिवाळीतच संपलेली निघाली. नोटीस अजून आहे, पण तोंडी मला कुणी काही म्हणत नाही.