कुरतडलेली लिंबोणी

कुंडीतल्या लिंबोणीला पाच वर्षांत एकही लिंबू धरलेलं नाही. बीपासून आलेलं रोप, त्यातून कुंडीत कोंडलेलं. त्याला घाई नाही आणि आता मलाही उरलेली नाही. पण म्हणून झाडाने कोणाचं पोट भरलं नाही असं म्हणता येणार नाही.

पहिली खूण फांदीवर नाही, फरशीवर दिसते. काळपट हिरवे, कोरडे दाणे. अळीच्या लेंड्या. त्या पडल्या असतील तिथून सरळ वर नजर न्यायची. दाणे मोहरीहून बारीक असले तर अळी अजून तान्ही आहे. मिऱ्याच्या जवळपास गेले असले तर आपल्याला उशीर झाला, शेंडा गेला.

तरी ती पटकन सापडत नाही. तान्ही असते तेव्हा हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते: काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. आणि बसते कुठे, तर पानाच्या मधोमध, उघड्यावर. पक्ष्याने बघावं आणि तोंड वळवून जावं, एवढीच तिची अपेक्षा. पहिल्या वर्षी मी ओल्या फडक्याने पान पुसायला गेले आणि शीट चालू लागली.

(घरात सगळे तिला सुरवंट म्हणतात. सुरवंट केसाळ, अंगाला लागला की खाज सुटते. ही गुळगुळीत, म्हणून मी अळीच म्हणते. आईचं म्हणणं, "नाव काहीही ठेव, पानं खाते ना?")

खाते. आणि कशी खाते ते बघण्यासारखं असतं. पुढच्या तीन जोड्या पायांत ती पानाची कड धरते, डोकं वर नेते आणि कडेकडेने कुरतडत खाली आणते. खाली पोचलं की डोकं पुन्हा वर, पुन्हा खाली. वहीत एकेक ओळ लिहून संपवावी तसं, फक्त इथे प्रत्येक ओळीनिशी वही कमी होत जाते. जबडे आपल्यासारखे वर-खाली मिटत नाहीत, कात्रीसारखे आडवे मिटतात. मध्येच ती थांबते, अर्धा-पाऊण तास ढिम्म. मग काही आठवल्यासारखी पुन्हा त्याच कडेवर येते. अंड्यातून आल्यावर तिचं पहिलं खाणं बहुधा अंड्याचं कवच असतं. कात टाकली की तीही खाऊन टाकते. वाया काही जाऊ द्यायचं नाही.

चार वेळा कात टाकून झाली की शीट जाते आणि पानासारखी हिरवी, करंगळीएवढी लांब अळी समोर येते. खांद्यावर दोन डोळे दिसतात. ते खोटे. खरं डोकं खाली, चवळीच्या दाण्याएवढंही नाही, आणि त्यावरचे डोळे उजेड-अंधार कळण्यापलीकडे फारसे उपयोगाचे नाहीत. हिला बोट लावलं तर डोक्यामागून केशरी रंगाचं दुटोकी शिंग बाहेर येतं आणि उग्र, आंबूस वास सुटतो. एकदा लावून बघितलं. पुन्हा लावलं नाही. वासापेक्षा तिचं जेवण मोडल्याचं वाईट वाटलं.

कुंपणाजवळच्या रुईवर दुसरी मंडळी असतात, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची. त्यांना लपायची गरजच नाही. रुईचं विष त्यांच्याच अंगात साठलेलं असतं. पण चीक तोंडाला चिकटतो, म्हणून शहाणी अळी आधी पानाची शीर चावून ठेवते आणि चीक वाहून गेला की निवांत जेवते. पानफुटीवरची तर पानाच्या आतच शिरते आणि दोन सालींमधला गर पोखरत जाते. तिच्यामुळे पानफुटीचं जे होतं ते बघवत नाही, म्हणून त्याविषयी इतकंच.

लोक विचारतात, फुलपाखरू कधी होणार? मला तेवढी उत्सुकता उरलेली नाही. वाढायचं ते सगळं अळी वाढते, कित्येक शेकडो पटींनी. फुलपाखरू झाल्यावर ती केसभरही वाढत नाही. आणि मी काही मोठी जीवदया करते असंही नाही. शेजारच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की दुसरा विचार न करता चिरडते. तोही खातोच. पण त्याचं खाणं दिसत नाही, नुसता चिकटून बसलेला असतो. हा पक्षपात आहे आणि मला तो मान्य आहे.

पोट भरलं की अळी एकदा पातळ शी करते आणि झाड सोडून भटकायला लागते. ज्या पानांवर इतके दिवस काढले त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. यंदा एकीने कोपऱ्यात टेकवलेला झाडू निवडला. शेपटाशी रेशमाचा ठिपका, कमरेला रेशमाचा दोरा, आणि दुसऱ्या दिवशी दांड्याच्या रंगाचा तपकिरी कोष. झाडूला कोणी हात लावायचा नाही, असं मी घरात बजावलं.

आठ दिवस गेले, दहा गेले, पंधरा गेले. फरशीवर पानं साचली. मग कोष जवळून बघितला. फुलपाखरू निघालं असतं तर पुढून उकललेला दिसला असता. त्याऐवजी बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं एकच गोल भोक होतं. आत सगळं पोकळ. तिळाएवढी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीची एक जात असते. कोष ओला असतानाच ती त्यात अंडी घालते आणि तिची पिल्लं आतल्या आत जेवून त्याच एका भोकातून रांगेने बाहेर पडतात. म्हणजे माझ्या लिंबोणीवर पोसलेलं एक नव्हे, बरंच काही त्या झाडूवरून उडून गेलं होतं.

मी बराच वेळ तशीच उभी राहिलेली बघून आई बाहेर आली. कोषाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग आता घेऊ का झाडू?"