ठणका, कळ आणि सल

मेडिकलला असताना सर्जरीच्या पहिल्या पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात शिकायला, गेले त्या सकाळी माझ्या कोटाच्या खिशात टॉर्च होता, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी होती, काळा मार्कर होता आणि जुनी एक्स-रे फिल्म गुंडाळून केलेली एक नळी होती. नळी हायड्रोसीलसाठी, म्हणजे अंडकोशात पाणी साठून येणाऱ्या सुजेसाठी. सुजेला एका बाजूनं टॉर्च लावायचा आणि दुसऱ्या बाजूला नळी टेकवून आत बघायचं. आत स्वच्छ पाणी असेल तर लालसर उजेड दिसतो. सीनियरनी सांगितलेलं सगळं सामान मी आदल्या रात्रीच भरून ठेवलं होतं. कोरी वही पण घेतली होती, आणि तिच्यात सगळं इंग्रजीत लिहायचं हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. सर्जरीचे आठवडे नुकतेच संपले. ज्युनिअर मुलं विचारतात, पोस्टिंगमध्ये काय वाचू, कुठल्या केस करू, टाके कशावर शिकू. टाके मी केळ्याच्या सालीवर आणि मटणाच्या दुकानातून आणलेल्या पायांवर शिकले, तुम्हीही तसेच शिकाल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. या पेशंटांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत आणि हॉस्पिटलचं नाव लिहिलेलं नाही.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढले. आजोळ पन्हाळ्याच्या पायथ्याला. दहावीपर्यंत मराठी शाळा. घरात मी अजूनही "मी जातो", "मी आलो" असंच बोलते, आमच्याकडच्या सगळ्या बायका बोलतात तसं. म्हणजे पेशंटची भाषा मला शिकावी लागणार नव्हती, ती माझ्या आजीची भाषा होती. आणि तरी कोट घातल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती बाजूला ठेवली.

झालं असं. मला उजव्या हाताची तर्जनी सुजलेल्या एका मावशींची केस मिळाली. ऊसतोडीच्या दिवसांत रानात कामाला जाणाऱ्या. मी अर्धा तास बसून नाव, वय, गाव, किती दिवस, कुठं दुखतं, सगळं विचारलं. दुखण्यासाठी आम्हाला एक ठरलेला साचा असतो: जागा, सुरुवात, कॅरेक्टर (दुखण्याची जात), कुठं पसरतं वगैरे. कॅरेक्टरच्या पुढं मी लिहिलं, "डल एकिंग", म्हणजे मंद, बोथट दुखणं. सर आले, मी उभी राहून केस सांगितली. सरांनी वहीकडं बघितलं नाही. ते मावशींकडं बघत होते.

"ह्या कशा बसल्यात बघ," ते मला म्हणाले.

मावशी उजवा हात डोक्यावर ठेवून बसल्या होत्या, पदराच्या वर. मी अर्धा तास समोर होते आणि तो हात मला दिसला नव्हता. सरांनी त्यांना हात खाली घ्यायला सांगितला. मिनिटभरात त्यांचा चेहरा पिळवटला.

"काय हुतंय मावशी?" सरांनी विचारलं.

"ठणकायलंय वो. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. आधी नुस्तं सलत हुतं."

सर वळले. "तू काय लिहिलंस?"

सलणं म्हणजे आत काहीतरी रुतून बसलंय. काटा, कुसळ, काचेचा तुकडा. ठणका वेगळा. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. बोटाच्या टोकाशी, नखाच्या मागच्या बाजूला जो मऊ गादीसारखा भाग असतो, त्यात कातडीपासून हाडापर्यंत धाग्यांचे पडदे असतात आणि त्या पडद्यांनी बारीक बारीक कप्पे झालेले असतात. कप्प्यात पू झाला की त्याला पसरायला जागा नाही. दाब वाढतो, रक्ताचा प्रत्येक ठोका तिथं आपटतो, आणि दाब असाच राहिला तर आतलं हाडसुद्धा मरू शकतं. हात वर धरला की तिथला दाब जरा उतरतो, म्हणून तो डोक्यावर. ठणक्यानं रात्रीची झोप गेली असेल तर पू झालाय असं समजायचं आणि चाकू लावायला उद्याची वाट बघायची नाही, हे सर्जरीतलं जुनं शिक्षण आहे. मावशींनी दोन शब्दांत आजार कुठून सुरू झाला आणि कुठवर आला ते सांगितलं होतं. मी ते दोन्ही शब्द ऐकले होते आणि त्यांच्या जागी पुस्तकातला एक शब्द ठेवला होता, तोही चुकीचा.

बोटाचं त्याच सकाळी झालं. बोट बधिर करून छेद दिला. पू आला आणि त्याच्याबरोबर उसाच्या पानाचं एक बारीक कुसळ.

सरांनी मला रागावलं नाही. एवढंच म्हणाले की उद्यापासून तक्रार देवनागरीत लिहायची, पेशंट बोलला तशी, अवतरणचिन्हात. इंग्रजी त्याच्या खाली. खरं तर तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहावी असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. पण पेशंटचे शब्द म्हणजे आपण केलेलं त्यांचं भाषांतर, असं आम्ही सगळे धरून चालतो.

त्या दिवसापासून वहीची मागची पानं शब्दांसाठी ठेवली. त्या चार आठवड्यांत आणि पुढच्या पोस्टिंगमध्ये ती भरत गेली, आणि मला वाटतं माझी सर्जरी बरीचशी त्या पानांतच आहे.

कळ येते आणि जाते. पोकळ नळी स्वतःला पिळून काहीतरी पुढं ढकलायला बघते तेव्हा कळ येते. आतडं अडलं, मूत्रनलिकेत खडा अडकला. कळ आलेला माणूस एका जागी बसत नाही, खाटेवर तळमळतो. याउलट पोटाच्या आतलं अस्तर सुजलं की माणूस हलत नाही. तो सांगतो, "रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला जीव गेला". कोल्हापूरच्या रस्त्यानं आलेल्या पेशंटला हा प्रश्न मी नेहमी विचारते, कारण खोकताना आणि धक्का बसताना वाढणारं दुखणं अस्तराचं असतं. अपेंडिक्सवाला मुलगा आधी बेंबीभोवती "गोळा आल्यागत" म्हणतो आणि काही तासांनी उजवीकडं खाली बोट ठेवतो. चार्ल्स मॅकबर्नीनं 1889 मध्ये तो बिंदू वर्णन केला, कमरेच्या हाडाच्या टोकापासून बेंबीकडं जाणाऱ्या रेषेवर साधारण एक तृतीयांश अंतरावर. अपेंडिक्ससाठी आम्ही जो अल्वाराडो स्कोअर मोजतो त्यातल्या 10 पैकी 1 गुण दुखणं असं सरकल्याला आहे. तो गुण तपासून मिळत नाही. विचारून मिळतो.

मग "पोटऱ्या भरून येतात". हे मला फार आवडतं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. एक आजोबा म्हणाले, "रंकाळ्याला आधी अख्खी फेरी मारत हुतो, आता निम्म्यात बसावं लागतंय." किती चालल्यावर दुखतं हा आमच्या साच्यातला प्रश्न त्यांनी मी विचारायच्या आधीच सोडवला होता. पुढं असे पेशंट रात्री पाय खाटेखाली सोडून झोपायला लागतात. तो पाय लोंबता दिसला की घाई करायची.

आणि "अवधान". पायाला जखम, नखुरडं, टाचेला भेग असं काही झालं आणि जांघेत गाठ आली की आमच्याकडं म्हणतात, अवधान आलं. पायाच्या लसिका (लिम्फच्या बारीक नळ्या) जांघेतल्या गाठींकडं जातात, हे आम्ही पहिल्या वर्षी चित्रं काढून पाठ केलं. माझ्या आजीला ते ठाऊक होतं. जांघ दुखतेय म्हटलं की ती आधी पायाची बोटं फाकवून बघायची.

काही वेळा शब्द नसणं हेच कळायला हवं असतं. मधुमेहाचा पाय घेऊन आलेले एक मामा, अंगठ्याखाली रुपयाएवढी खोल जखम, वास येत होता, आणि मामा म्हणतात, "दुखत कायबी न्हाई." मला बरं वाटलं होतं. सरांनी विचारलं, चप्पल पायातनं निसटली तर कळतं का? मामा म्हणाले, न्हाई, मागनं येणारा माणूस सांगतोय. डोळे मिटायला लावून 10 ग्रॅमचा दोरा, म्हणजे तेवढा जोर लागला की वाकणारा नायलॉनचा दोरा, तळव्याला सात-आठ ठिकाणी टेकवला, एकाही ठिकाणी ते हो म्हणाले नाहीत. तो पाय वाचवायला दीड महिना ड्रेसिंग चाललं. एक बोट गेलं, पाय राहिला.

आता ती रात्र. पुढच्या पोस्टिंगमधली. अपघाताचे पेशंट एकदम आले होते, निवासी डॉक्टर तिकडं होते, आणि एक साठीचे मामा जांघेतल्या फुगीसाठी, म्हणजे हर्नियासाठी, आले. मला सांगितलं, तू हिस्टरी घेऊन ठेव, मी येतो. मामा म्हणाले, "आंत उतरतंय, लई वर्सं झाली. निजलं की आत जायाचं. काल सांजंधरनं आत जाईना." उलट्या चालू होत्या, पोट फुगलं होतं. कळ येत होती का? "येत हुती, लई. दुपारी थांबली."

मी लिहिलं, "कळ दुपारी थांबली". देवनागरीत, अवतरणचिन्हात. आणि मनात म्हटलं, चला, थोडं कमी आहे. पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

निवासी डॉक्टर आले, कागद वाचला आणि त्या ओळीवर थांबले. "मामा, कळ थांबली, मग आता दुखत नाही?"

"आता सारकंच दुकतंय की. जातच न्हाई."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं. फुगी ताठ होती, वरची कातडी लालसर, खोकल्यावर ती जराही उसळत नव्हती. कळ येऊन जाणारी होती तोवर आतडं झुंजत होतं. कळ थांबून सलग दुखणं लागलं, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा तुटत चालल्याचा संशय धरायचा. मी "दुखणं कमी" असं इंग्रजीत लिहिलं असतं तर डॉक्टर त्या ओळीवरून पुढं गेले असते का, हे मी त्या रात्री आणि नंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय. शब्द बरोबर होता, म्हणून त्यांना तो प्रश्न सुचला. पण प्रश्न मी विचारायला हवा होता.

ऑपरेशनला मी रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं हत्यार, धरला. हात धुताना पाणी बोटांकडून कोपराकडं जायला हवं, हात कायम वर, हे एरवी घोकून केलेलं त्या रात्री आपोआप झालं. सरांनी पिशवी उघडली, गढूळ पाणी आलं, आणि आतड्याचं वेटोळं दिसलं. जांभळं. जवळजवळ काळं. त्यांनी आधी ते नीट धरून ठेवायला लावलं, कारण आवळलेली कडा मोकळी केली की ते पोटात निसटतं आणि मग त्याची अवस्था बघताच येत नाही. कडा कापली. गरम सलाइनमध्ये भिजवलेले मॉप त्यावर ठेवले, भूल देणाऱ्या मॅडमनी ऑक्सिजन पूर्ण वाढवला, आणि सगळे थांबले.

सर्जरीत हातांची घाई बघायची सवय झालेली असते. ते दहाएक मिनिटं कुणी काही केलं नाही. सिस्टर मॉप मोजत होत्या, तेवढाच आवाज. मॉप काढले तेव्हा जांभळं लाल झालं होतं, आणि थोड्या वेळानं त्याच्यावर चकाकी आली. सरांनी बोटानं हलकं टिचकावलं. एक लाट सावकाश पुढं सरकली. आतडं कापावं लागलं नाही.

पहाटे आम्ही तिघं गंगावेशीत जाऊन दूध प्यायलो, म्हशीखालचं, फेसाळ. कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी मी मामांना विचारलं, "गॅस पास झाला का?" ते हो म्हणाले. मी लिहायला पेन काढला तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या वॉर्डातल्या मावशी थांबल्या. "काय ओ, वारं सरलं का इचारत्यात त्या." मामा म्हणाले, "न्हाई अजून." मग हो का म्हणालात? "डॉक्टरीणबाई इचारतायत म्हटल्यावर हो म्हणलो."

त्या होवर त्यांना तोंडानं पाणी सुरू झालं असतं. पोट ऐकलं, आवाज जेमतेम होता. मला तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटली होती, हे खरं कारण. वीस-बावीस वर्षांची मुलगी वडिलांच्या वयाच्या माणसाला वॉर्डात सगळ्यांसमोर हे कसं विचारणार, असं मला वाटलं होतं. मामांना त्यात काहीच लाज नव्हती. मी त्यांच्या खाटेशी बसले आणि सांगितलं की मामा, वारं सरलं की आतडं चालायला लागलं असं आम्ही समजतो, तोवर पाणीसुद्धा नाही. म्हणून खोटं सांगू नका. त्यांनी मान डोलावली. त्यांची बायको शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिनं तो पिशवीत परत ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डाच्या दारातून आत येतेय तोच पलीकडच्या टोकाहून हाक आली, "पोरी, सरलं गं वारं!" चार-पाच खाटांवरची माणसं उठून बघायला लागली. मामी हसत होत्या. मी केसपेपर घेतला, वेळ लिहिली, सकाळी 7 वाजून 10 मिनिटं. त्याखाली अवतरणचिन्हात, "वारं सरलं".