वाटाण्याची डाळ आणि स्पिटफायर : लंडन, साउथॅम्प्टन, डक्सफर्ड

लेक रेडिंगला असते. या वर्षी मे-जूनमध्ये तिच्याकडे मुक्काम होता, तेव्हा मी आणि माझा अकरा वर्षांचा नातू असे दोघं स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मागावर तीन दिवस फिरलो. माझी सगळी नोकरी चिंचवडला टूलरूममध्ये गेली. त्यामुळे विमान आकाशात कसं दिसतं, यापेक्षा ते कुणी, कसं आणि कशानं घडवलं, याची ओढ मला जास्त. तशी ओढ असणारे आणखी असतील, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

पहिला सल्ला क्रमाचा. बरेच जण थेट डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात जातात, कारण तिथे ही विमानं अजून उडतात. जरूर जा, पण शेवटी. आधी लंडनचं सायन्स म्युझियम, मग साउथॅम्प्टन, मग डक्सफर्ड. नुसता आवाज ऐकून आलात तर अंगावर काटा येईल, पण पंखाकडे का बघायचं ते कळणार नाही.

सायन्स म्युझियमला साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाटेनं चालत जाता येतं. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी ऑनलाइन नोंदवून ठेवा. आत गेल्यावर खालच्या मजल्यांवर रेंगाळू नका, थेट तिसरा मजला गाठा. तिथल्या विमानांच्या दालनात 'सुपरमरीन एस-६बी' उभं आहे. सुपरमरीन म्हणजे स्पिटफायर बनवणारी कंपनी. चाकांऐवजी दोन लांब तरंडे असलेलं हे शर्यतीचं विमान. याच विमानानं १९३१ साली पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यतीचा श्नायडर चषक जिंकला आणि तो कायमचा ब्रिटनकडे राहिला. सरकारनं पैसे द्यायला नकार दिला होता, तेव्हा लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी एक लाख पौंड दिले. चषकानंतर काही दिवसांतच याच जातीच्या विमानानं ताशी ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. रचनाकार रेजिनाल्ड मिचेल, पुढे स्पिटफायरही त्यांचंच. शाळा सुटल्यावर ते स्टोक शहरात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला लागले होते. हाताला तेल लागलेला माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच दालनात वर स्पिटफायर आणि त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान हरिकेन, दोन्ही टांगलेली आहेत. उंचावरून चालायला एक पूल आहे, त्यावरून पंख जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला येतात. अर्धा तास तिथेच काढा. हरिकेनच्या शेपटीकडच्या भागावर पत्रा नाही, नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड आहे. स्पिटफायरचं धड आणि पंख मात्र पत्र्याचे, आणि भार पेलण्यात तो पत्राही सामील.

आता पंख. वरून तो लांबट पानासारखा दिसतो, आणि लोक म्हणतात, काय सुंदर आकार दिलाय! आकार सुंदर दिसावा म्हणून दिलेला नाही. वेगासाठी पंख पातळ हवा होता. पण त्याच पातळ पंखात आठ मशीनगन आणि आत मिटणारी चाकं बसवायची होती. लंबवर्तुळाकार पंख मुळापासून बराच लांबपर्यंत रुंद राहतो, म्हणून पातळ असूनही आत जागा मिळते. हवेचं गणित मिचेलच्या हाताखालच्या बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनेडियन तंत्रज्ञानं सांभाळलं. पंखाला मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा हलका पीळ आहे. त्यामुळे विमान फार ओढून वळवलं, तर उचल आधी मुळाशी सुटते आणि टोकांशी टिकून राहते. विमान थरथरून वैमानिकाला सांगतं, आता पुरे. नवशिक्या पोरांचे जीव या थरथरीनं वाचले.

नातवाला मी पंखाच्या कण्याची रचना वहीत काढून दाखवली. चौकोनी नळीत नळी, तिच्यात आणखी एक नळी, अशी एकात एक बसवलेली. मुळाशी सगळ्या, आणि टोकाकडे जाताना एकेक कमी होत जाते, जिथे जितका ताण तितकंच धातू. घरी जेवणाचा डबा उघडला तेव्हा वाटीत वाटी बसवून तो म्हणाला, "आजोबा, असंच ना?" असंच. पण अशा नळ्या मापात ओढणं आणि पंखाच्या पुढच्या कडेचा पत्रा दोन्हीकडून वळवणं हे महाकठीण काम. १९३६ च्या जूनमध्ये सरकारनं ३१० विमानांची मागणी नोंदवली आणि पहिलं विमान तुकडीला मिळायला ऑगस्ट १९३८ उजाडला. दिरंगाईचं एक मोठं कारण हेच पंख होते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांची. पत्र्याच्या पातळीत बसणारे सपाट डोक्याचे रिव्हेट मारायला वेळ लागतो, गोल डोक्याचे झटपट बसतात. मग कुठे गोल चालतील? सुपरमरीनच्या लोकांनी वाटाण्याची डाळ आणली आणि पहिल्या नमुना विमानाच्या सपाट रिव्हेटांवर एकेक दाणा गोंदानं चिकटवला. अर्धा वाटाणा म्हणजे गोल डोकं. विमान उडवलं, तर वेग ताशी ३५ किलोमीटरनं घटला. मग एकेका भागावरचे दाणे काढत पुन्हा पुन्हा उडवून बघितलं आणि जिथे फरक पडत नव्हता तिथे गोल रिव्हेट ठरवले. चार आण्यांच्या डाळीनं केलेला असा प्रयोग मी आयुष्यात दुसरा ऐकलेला नाही. कुठलंही स्पिटफायर बघाल तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेच्या जवळ जा आणि रिव्हेट शोधा. रंगाखाली ते सहज दिसतही नाहीत.

दुसरा दिवस साउथॅम्प्टनचा. रेडिंगहून थेट गाडी आहे, तासाच्या आत पोचते. तिकीट सकाळच्या गर्दीची वेळ उलटल्यावरचं घ्या, बरंच स्वस्त पडतं. साठी ओलांडली असेल तर ज्येष्ठांचं रेल्वेकार्ड काढा, दोन-तीन प्रवासांत पैसे वसूल होतात. 'सोलेंट स्काय' हे संग्रहालय स्टेशनापासून पाऊण तास रमतगमत चालत गाठता येतं. निघण्यापूर्वी त्यांचे सुट्टीचे वार बघून घ्या. आम्ही न बघता एकदा निघालो होतो, अर्ध्या वाटेतून परतावं लागलं.

तिथलं स्पिटफायर शेवटच्या पिढीचं आहे, २४ क्रमांकाच्या घडणीचं. पुढे पाच पात्यांचा पंखा, आत ग्रिफन इंजिन, आणि पंखाचा आकार बदललेला. म्हणून म्हणतो, लंडनचं पहिल्या घडणीचं आधी बघा. दोन्ही डोळ्यांत असली की दहा वर्षांत एकाच सांगाड्यातून किती शक्ती काढली गेली ते समजतं. शेजारी एस-६ए हे शर्यतीचं विमानही आहे. मुलं बरोबर असतील तर तिथल्या अवाढव्य उडत्या बोटीच्या पोटात त्यांना शिरू द्या, ती कंटाळणार नाहीत.

संग्रहालयातून निघून इचेन नदीवरचा पूल चालत ओलांडा. वारा भणाणता असतो, टोपी हातात धरा. पलीकडे वूलस्टन. पुलाखालच्या काठावर सुपरमरीनचा कारखाना होता. आज तिथे कारखान्याचं काही उभं नाही, नुसतं पाणी आणि काठ. २४ आणि २६ सप्टेंबर १९४० ला जर्मनांनी तो बॉम्बनं उद्ध्वस्त केला, कामगार मेले. पण यंत्रं आणि जिग, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवायचे साचे, बऱ्याच प्रमाणात वाचले. मग काम एका जागी ठेवायचंच नाही असं ठरलं. मोटार गॅरेजं, बसचे डेपो, कपडे धुण्याचे कारखाने, जिथे छप्पर मिळालं तिथे भाग बनू लागले. सॉल्झबरी, ट्रोब्रिज आणि आमचं रेडिंग. आराखड्यांची कचेरी विंचेस्टरजवळच्या हर्स्ली इथल्या एका हवेलीत हलली. ज्या बायकांनी कधी ड्रिल धरलं नव्हतं त्यांनी रिव्हेट मारले. स्टोनहेंज बघायला जाणारे आपले लोक सॉल्झबरीतूनच जातात. त्या गावात हजारांनी स्पिटफायर तयार झाली, हे माहीत असलं तर गाव वेगळं दिसेल.

मिचेल यांनी यातलं काही बघितलं नाही. १९३३ मध्ये त्यांच्यावर आतड्याच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. पुढची सगळी रचना त्यांनी त्या दुखण्यासह केली. ५ मार्च १९३६ ला ईस्टलीच्या मैदानावरून, म्हणजे आजच्या साउथॅम्प्टन विमानतळावरून, पहिलं उड्डाण झालं ते त्यांनी पाहिलं. ११ जून १९३७ ला ते गेले. वय ४२. त्यांचा दफनदगड साउथ स्टोनहॅमच्या दफनभूमीत आहे, विमानतळापासून जवळच. परतीच्या गाडीला विमानतळाचंच स्टेशन लागतं, तिथे उतरून टॅक्सी करा. डोक्यावरून विमानं जात असतात. आम्ही दोघं तिथे काही न बोलता उभे राहिलो.

तिसरा दिवस डक्सफर्ड. केंब्रिजजवळच्या याच तळावर १९ व्या तुकडीला ऑगस्ट १९३८ मध्ये पहिलं स्पिटफायर मिळालं. रेडिंगहून एलिझाबेथ लाइननं न बदलता लिव्हरपूल स्ट्रीट, तिथून व्हिटल्सफर्ड पार्कवे. पुढचे दोन-तीन किलोमीटर आधी टॅक्सी ठरवून जा. आम्हाला स्टेशनावर एकही मिळाली नाही आणि पावसात चालावं लागलं. प्रवेश महाग आहे, आवार जवळजवळ दीड किलोमीटर लांब, तेव्हा सकाळी दार उघडताच पोचा, डबा आणि पाणी बरोबर ठेवा. १९४० मधली संचालन खोली आहे, मोठ्या टेबलावर नकाशा, त्यावर ठोकळे सरकवायच्या लांब दांड्या. ती चुकवू नका. रडारवरून आलेली बातमी इथे उतरत होती, म्हणून मोजकी विमानं नेमक्या वेळी वर पाठवता आली. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या हवाई लढाईत हरिकेन संख्येनं जास्त होती आणि जास्त जर्मन विमानंही त्यांनीच पाडली. स्पिटफायरचं मोल कमी होत नाही, पण सिडनी कॅम यांच्या हरिकेनला तिचा वाटा मिळाला पाहिजे.

दारूगोळा तर अवघा पंधरा सेकंदांचा. दर बंदुकीला ३०० फैरी, संपल्या की घर. आणि सुरुवातीला मोठी खोट होती. विमानानं एकदम नाक खाली घातलं की स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा कार्ब्युरेटर इंधन तोडत असे. जर्मन मेसरश्मिट विमानं तसं नाक घालून निसटत, कारण त्यांच्या इंजिनात इंधन थेट आत फवारलं जाई. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी भोक पाडलेली एक छोटी चकती इंधनाच्या वाटेत बसवून हा दोष बराच आवरला. नवं इंजिन नाही, नवं विमान नाही, एक चकती. ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मार्गावर मोटरसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवणारी बाई होती ती.

उन्हाळ्यात इथे दोन आसनी स्पिटफायर पर्यटकांना घेऊन उडतात. बसायचं तर हजारो पौंड लागतात, बघायला वेगळे पैसे नाहीत. वारा-पाऊस असेल तर उड्डाण नसतं, म्हणून हवामान बघून दिवस निवडा. धावपट्टी इमारतींच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जवळजवळ दिवसभर ऊन तोंडावर येतं. पुढे छप्पर असलेली टोपी आणि काळा चष्मा न्या.

दुपारी तीनच्या सुमारास ढग हटले आणि एक स्पिटफायर बाहेर आलं. नाक इतकं लांब की समोरचं वैमानिकाला दिसतच नाही, म्हणून ते नागमोडी चालतं. जमिनीवर फार रेंगाळत नाही, इंजिन तापतं. पाती फिरू लागली की कॅमेरा तयार ठेवा. मग बारा सिलिंडरांचा तो आवाज. आधी जमिनीतून पायात येतो, मग छातीत. आमच्या प्रेस शॉपमध्ये मोठा प्रेस चालू व्हायचा तेव्हा अशीच धमक यायची, पण हिला सूर होता. नातवानं माझा हात धरला होता.

आपल्याकडचा एक धागा मी त्याला तिथेच सांगितला. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या स्पिटफायर तुकड्यांत १२२ वी 'बॉम्बे', १३२ वी 'सिटी ऑफ बॉम्बे' आणि १२४ वी 'बडोदा' अशी नावं होती, कारण पैसा तिथून आला होता. बडोद्याचे गायकवाड, मुंबईचे देणगीदार. आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुदलाच्या आठव्या तुकडीनंही स्पिटफायर उडवलं. दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात एक आहे. इंग्लंडला जाणं जमत नसेल तर तिथे जा, रिव्हेट तिथेही दिसतील.

परतताना रेडिंगला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, उजेड अजून होता. स्टेशनसमोरच्या चौकात व्हिन्सेंट्सचं गॅरेज होतं, युद्धात तिथे स्पिटफायरचं काम चाले. भाग जोडून विमानं हेन्ली आणि ऑल्डरमॅस्टनच्या मैदानांवरून उडत. नातू चौकात थांबला.

"इथे, आजोबा? या रस्त्यावर?"

"हो. इथेच."

त्यानं दप्तरातून वही काढली, खांबाला टेकून त्या नळ्यांच्या चित्राखाली रेडिंग स्टेशन असं लिहिलं आणि तारीख घातली.