भाकरीच्या मापाचा ओटा : सोलापुरातल्या स्वयंपाकघराच्या कामाची तिसरी नोंद

सध्याची स्थिती: खोली ८ बाय ११ फूट, ओटा एल आकाराचा. जुना ओटा काढून झाला, नळाच्या आणि विजेच्या लाईन भिंतीत गेल्या, कडप्प्याचे उभे-आडवे बसले, वर ग्रॅनाइटही पडला. ट्रॉल्या, शटर आणि चिमणी बाकी आहे. या टप्प्यात सगळ्यात जास्त विचार उंचीवर झाला, म्हणून तेच आधी.

मॉड्युलर किचनवाले ओटा सरसकट ३४ इंचांचा धरतात. भाजी चिरायला, भांडी घासायला तो चांगलाच. पण ज्या घरात रोज ज्वारीची भाकरी होते तिथे तो उंच पडतो. थापताना तळहाताचा दाब वरून खाली यायला हवा. ओटा उंच असला की खांदे वर चढतात, मनगट मागे वाकतं, आणि कडक भाकरीसाठी एका बैठकीत वीस-पंचवीस थापायच्या असतील तर मान भरून येते. भाकरीही कडेला जाड राहते, कारण कडेवर बोटांचा नीट जोर पडत नाही.

माप असं घ्यायचं: घरात जास्त भाकऱ्या जे माणूस करतं त्याने अनवाणी सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायचा. उंची १५५ सेंमी असेल तर हे माप साधारण ९७ सेंमी येतं. चिरण्यासाठी त्यातून १० सेंमी वजा, म्हणजे ८७. थापण्यासाठी २० सेंमी वजा, म्हणजे ७७. गवंड्याला आकडा देण्याआधी टेबलाखाली फळ्या सरकवून ७४, ७७ आणि ८० या तिन्ही उंचींवर खऱ्या पिठाची खरी भाकरी थापून बघावी. रिकाम्या परातीवर हात फिरवून काही कळत नाही.

म्हणून ओटा दोन पातळ्यांचा केला: सिंक आणि चिरण्याची बाजू ८७ सेंमी, शेगडी आणि थापण्याची बाजू ७७. शेगडीही खालच्या पातळीवरच का, याला कारण आहे. साधी शेगडी १२-१३ सेंमी उंच असते. ती ८७ वर ठेवली की तवा १०० वर जातो, म्हणजे कोपराच्याही वर. भाकरी उलथताना हात वाफेत राहतो आणि कुकरमध्ये डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. ७७ वर ठेवली की तवा ९० च्या आसपास येतो. ओट्यात बसवायचा हॉब घेतला तरी उंचीचं गणित सुटतं, पण भाकरीच्या घरात हॉब नकोच असं ठाम मत आहे. ज्वारीचं सुकं पीठ बर्नरभोवती सतत सांडतं. शेगडी उचलून खालून पुसता येते. हॉबच्या कडेच्या फटीत आणि बर्नरच्या भोकांत पीठ जाऊन करपतं, ज्योत पिवळी होते.

परातीची मधली जागा आणि तव्याचा मध्य यांत ५० सेंमी अंतर ठेवलंय. ओली भाकरी दोन्ही तळहातांवर उचलून तव्यावर टाकायची असते. अंतर वाढलं की ती वाटेतच चिरते. गुळगुळीत ग्रॅनाइटवर परात सरकते म्हणून तिथे खडबडीत लेदर फिनिश टाकायचा विचार होता, पण त्याच्या खळग्यांत पीठ वाळून बसतं. पॉलिशच ठेवलं, परातीखाली ओलं फडकं पुरतं.

दोन पातळ्यांच्या सांध्याकडे गवंडी फारसं लक्ष देत नाहीत, आणि घाण नेमकी तिथेच साचते. उभी पट्टी खालच्या ग्रॅनाइटच्या मागे लावू द्यायची नाही. खालची लादी २ सेंमी आत सरकवायची, पट्टी तिच्या डोक्यावर बसवायची, सांधा एपॉक्सीने भरायचा. म्हणजे पुसताना फडकं कोपऱ्यापर्यंत सरळ जातं. वरच्या पातळीचा उतार सिंककडेच हवा. लेव्हल ट्यूब लावून स्वतः बघावा, नाहीतर भांड्यांचं पाणी ओघळून थेट पिठात येतं. पुढच्या कडेखाली, टोकापासून १ सेंमी आत, कटरने बारीक खाच मारून घेतली. ओघळलेलं पाणी तिथेच तुटतं आणि शटरवर उतरत नाही.

ग्रॅनाइट काळा घेतला नाही. बोअरचं पाणी जड, आणि काळ्यावर प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उठून दिसतो. करड्या-तपकिरी ठिपक्यांवर तो लपतो. डाग लिंबाने निघतात, पण ते ग्रॅनाइटवरच. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड, त्यांवर लिंबू किंवा चिंच पडली की पॉलिश उडतं. नळ मॅट काळे टाळावेत, ब्रश फिनिश स्टीलचे घ्यावेत. सिंकला नळ दोन: एक बोअरचा, एक टाकीतल्या गोड्या पाण्याचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा भांडी घासण्यात गोडं पाणी घालवणं परवडत नाही.

शेंगाचटणीबद्दल एक. उखळ किंवा खलबत्ता सिंकच्या आसपास ओट्यावर ठेवून कुटू नये. सिंकच्या भोकापुढे आणि मागे ग्रॅनाइटची जेमतेम ३ इंचांची पट्टी उरते, सगळा दगड तिथेच कमजोर असतो आणि हादऱ्याने कोपऱ्यातून तडा जातो. कुटायचंच तर जमिनीवर, नाहीतर उभ्या कडप्प्याच्या बरोबर डोक्यावर. भोकाचे आतले कोपरे गोल कापून घेतले की तड्याचा धोका बराच कमी होतो.

सिलिंडर ८७ च्या भागाखाली, थापण्याच्या जागेला लागून. १४.२ किलोचा सिलिंडर साधारण ६३ सेंमी उंच. ७७ च्या ओट्याखाली दगडाची जाडी वजा करून ७३ उरतात, त्यात चाकांची गाडी आणि रेग्युलेटरवर हात घालायला जागा असं दोन्ही बसत नाही. शटरला खाली आणि वर जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो. रबरी नळी १.५ मीटरच्या आत, सगळी डोळ्यांना दिसेल अशी.

विजेचं थोडक्यात: ओव्हनला ४ चौरस मिमी वायरची स्वतंत्र लाईन, १६ अँपिअरचा पॉइंट, संपूर्ण स्वयंपाकघराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच. शेगडीच्या मागे एकही बोर्ड नाही.

आता ट्रॉल्या. कडप्प्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे दोन उभ्यांमधलं अंतर पुढे एक आणि मागे दुसरं निघतं. आपल्या ओट्यात एका खणात पुढे ५६२ मिमी, मागे ५५७. ट्रॉली ज्यावर आतबाहेर सरकते त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला सुमारे १३ मिमी लागतात, म्हणून ट्रॉलीची रुंदी म्हणजे खणाचं सगळ्यात कमी माप वजा २६: इथे ५३१. पुढचा ५ मिमीचा फरक निमुळत्या पट्ट्यांनी भरून दोन्ही चॅनेल समांतर करायचे. हे न करता ५३६ ची ट्रॉली मागवली की ती अर्ध्यात अडकते, आणि जोर लावला की चॅनेलमधले छर्रे बाहेर येतात. मापं ग्रॅनाइट बसल्यावरच घ्यावीत. वजनाने उभे किंचित हलतात. २० मिमी जाडीची १० बाय २ फुटांची लादीच १०० किलोच्या घरात जाते.

ट्रॉल्यांच्या जाळ्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या. चुंबक लावून पारख करू नका, २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. २०२ आधी वेल्डिंगच्या ठिपक्यांवर गंजतं, तेही सिंकखालच्या ट्रॉलीत. सिंकखाली लाकूड कुठेच वापरायचं नाही; बाकी शटरना ७१० ग्रेडचं, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय, कडांना २ मिमीची एजबँड. कडक भाकरीचा डबा १२ इंच व्यासाचा, त्यासाठी शेगडीजवळचा एक खण आतून ३५० मिमी उंच ठेवलाय, सिंकपासून लांब. दमट हवेत भाकरी लगेच मऊ पडते.

पुढचं काम चिमणीचं. ती शेगडीच्या वर ७५ सेंमी घ्यायची, म्हणजे तळ जमिनीपासून १६५ वर येतो. बॅफल फिल्टरची, म्हणजे जाळीऐवजी वळलेल्या पत्र्यांच्या पट्ट्या असलेली घ्यायची. बारीक जाळीत पीठ आणि तेल मिळून लगदा होतो. डक्ट ६ इंची, वळण एकच, आणि तोंड पूर्वेला, कारण उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा धूर परत आत ढकलतो. चिमणी चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी राहील अशी कडी आधीच बसवून घ्यायची आहे. बंद खोलीत आत हवाच आली नाही तर कितीही ताकदीची मोटर असो, धूर ओढला जात नाही. भिंतीचं भोक ग्रॅनाइटवाल्याच्याच कोअर कटरने पाडून घ्यायचं ठरलंय, छिन्नीने पाडलं तर टाईल फुटते.