पांढरी एक की काळी एक

वाद्यासोबतच्या कार्डावर कार्यशाळेच्या मालकांच्या तिरक्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: ‘सगळं ४४०ला लावून देणे. जुलैच्या आत.’

४४० म्हणजे ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, ही आजची प्रमाण पट्टी. जुलैच्या आत म्हणजे विली क्लॅन्सी सप्ताहाच्या आत. आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत मिल्टाउन मॅलबे नावाचं एक चिमुकलं गाव आहे. तिथे १९७३पासून दर जुलैत आठवडाभर पारंपरिक संगीताची शाळा भरते, आणि त्याआधी महिनाभर एनिसमधल्या आमच्या कार्यशाळेत श्वास घ्यायला फुरसत नसते. जो तो आपलं वाद्य घेऊन येतो आणि परवापर्यंत पाहिजे म्हणतो.

मी मूळची सांगलीची. बाबांचं पेटीदुरुस्तीचं दुकान. लग्नानंतर आयर्लंडला आले आणि इथे कॉन्सर्टिना दुरुस्त करायला लागले, याचं आमच्या नातेवाइकांना फार आश्चर्य वाटतं. मला तेवढं वाटत नाही. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत मावणारी, सहा बाजूंची, मध्ये भाता असलेली पेटीच. आपल्या पेटीत पितळी पत्ती असते, इथे पितळी चौकटीत पोलादी. टोकाशी घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. घासून गेलेला धातू परत येत नाही, म्हणून बाबा दुकानात सारखं बजावायचे, ‘आधी कान, मग कानस.’

त्या मंगळवारी मी कानस आधी उचलली.

वाद्य जुनं, लंडनच्या जेफ्रीजचं, तीस बटणांचं. दाबताना एक स्वर आणि खेचताना दुसरा, म्हणजे साठ पत्त्या. मालकीण पंचविशीतली शाळाशिक्षिका. आजोबा वारल्यावर वाद्य तिच्याकडे आलं होतं. ती एका केली बँडमध्ये, म्हणजे आयरिश नाचाला साथ करणाऱ्या बँडमध्ये, वाजवायला लागली होती आणि तिथे म्हणे एक स्वर सगळ्यांच्या कानात खुपत होता.

खुपणारच. ट्यूनरवर एकेक पत्ती तपासत गेले. सगळ्या चार-पाच सेंटच्या (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप) आतबाहेर, म्हणजे वयाच्या मानाने उत्तम. आणि डाव्या हाताच्या खालच्या ओळीतलं चौथं बटण, खेचतानाचा सी, म्हणजे आपली पांढरी एक, तब्बल बत्तीस सेंट चढी. पांढरी एक आणि काळी एक यांच्यात शंभर सेंट असतात. एक तृतीयांश वाट चालून गेलेली. मी बुडाशी दोन घासे मारले. पंचवीसवर आली.

तिसऱ्या घाशाला भिंग डोळ्याला लावलं तेव्हा टोकाजवळचे ओरखडे दिसले. बारीक, समांतर, लांबीच्या दिशेने, आणि वर्षानुवर्षांची काळपट झाक चढलेले. बाकी एकोणसाठ पत्त्यांच्या टोकांना असं काही नव्हतं. पत्तीवर मळ बसला की स्वर उतरतो. एवढा चढायला कुणीतरी टोक घासावं लागतं. ते घासणाऱ्याचा हात चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला असावा.

कानस खाली ठेवून सांगलीला फोन लावला. तिकडे दुपारचे चार, चहाची वेळ.

“अगं, गांधार ट्यूनिंगची पेटी दुसऱ्याच पट्टीत तपासलीस तर बेसूरच वाटणार,” बाबा म्हणाले. “ती कुठल्या सा ची आहे ते विचारलंस का आधी?”

नव्हतं विचारलं. वाद्याच्या मालकिणीला, त्या शिक्षक मुलीला, फोन करून विचारलं, आजोबा जास्त काय वाजवायचे? ती म्हणाली, रेकिश पॅडी ही रील. कॅसेट आहे, जेवणाच्या सुटीत आणून देते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. रील म्हणजे इन्स्टाग्रामवरची नव्हे. रील हा नाचाचा प्रकार आणि त्यावर वाजणाऱ्या धुनेचाही. एका मापात आठ स्वर, आठ मापांचा एक भाग, असे बहुधा दोन भाग, प्रत्येक दोनदा. शेकड्यांनी रील्स आहेत. रेकिश पॅडीचं मूळ स्कॉटलंडच्या ‘काबर फे’ या धुनेत सांगतात. त्या नावाचा अर्थ हरणाची शिंगं, मॅकेंझी कुळाचं ते चिन्ह. आयर्लंडमध्ये धुनेचा सा डी, म्हणजे पांढरी दोन. आणि सुरुवातच निषादावर होते. पहिल्याच मात्रेला लांब सी, मग बी, परत सी, मग ए. सा सोडून निषादावर बसून सुरू होणारी धून ऐकताना मला दर वेळी वाटतं की माणूस दारातूनच बोलायला लागलाय, घरात यायच्या आधी.

सगळा वाद या निषादाचा. कोमल वाजवायचा की शुद्ध? छापील पुस्तकात सीवर शार्पची, म्हणजे अर्धा स्वर चढवण्याची, खूण असते किंवा नसते, तिसरा पर्याय नाही. फिडलवाल्याला मात्र बोट हवं तिथे ठेवता येतं. लाकडी बासरीवर सी वरचं भोक उघडं ठेवून खालची काही झाकून काढतात, तो पुष्कळदा आपसूकच थोडा चढा लागतो. इलन पाइप्स म्हणजे काखेतल्या भात्यावर चालणारी आयरिश बॅगपाइप. तिच्यावर तर निषाद वळवता येतो, कण्हायला लावता येतो. जॉनी डोरन हा भटका पाइपवादक घोड्याच्या गाडीतून क्लेअरच्या जत्रा फिरायचा. १९४७मध्ये डब्लिनला लोकसाहित्य आयोगाने त्याचं वादन तबकड्यांवर घेतलं, त्यात हीच धून आहे. १९५०मध्ये तो गेला. त्या ध्वनिमुद्रणातला सी ऐकून सांगा बरं, पांढरी की काळी. मी किती वेळा प्रयत्न केलाय. आपल्याकडचा कुणी कानसेन असता तर ‘चढा कोमल’ म्हणून मोकळा झाला असता.

कॉन्सर्टिनाला यातलं काही येत नाही. पेटीसारखंच, पत्ती जिथे लावली तिथेच बोलणार. पेटीवर हाच आरोप ठेवून आकाशवाणीने १९४०मध्ये तिला घराबाहेर काढलं होतं, ते सहज आठवलं.

मुलगी कॅसेट घेऊन आली. मालकांनी माळ्यावरून कॅसेट प्लेअर काढला, त्याचा पट्टा सैल, त्यामुळे सगळंच वीसेक सेंट खाली. म्हणून सी थेट मोजण्यात अर्थ नव्हता. मी त्याच फेरीतल्या डीपासून सीपर्यंतचं अंतर मोजलं. पूर्ण स्वराचं अंतर दोनशे सेंट. इथे भरलं एकशे सत्तरच्या आसपास. म्हणजे तो तीसेक सेंटांचा चढ म्हातारबुवांनी मुद्दाम ठेवलेला.

पण खरी गंमत पुनरावृत्तीत होती. पहिल्या वेळी सी चढा, दुसऱ्या वेळी सरळ पांढरी एक, अगदी सभ्य. आणि दुसऱ्या भागात डीकडे चढताना चक्क काळी एक. एकाच धुनेत तीन सी! मी टेप पाच वेळा मागे घेतली. मालक स्वतः फिडल वाजवतात, ते म्हणाले, “मी तर आयुष्यभर याला तीन वेगळ्या लोकांची तीन वेगळी वळणं समजत होतो.”

मग बोटं शोधली. या वाद्यावर दोन बटणं एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. उजव्या हाताच्या मधल्या ओळीतलं पहिलं दाबताना सी देतं आणि खेचताना बी. डाव्या हाताच्या खालच्या ओळीतलं चौथं दाबताना बी आणि खेचताना सी. ए दोन्ही दिशांना मिळतो. म्हणजे सी-बी-सी-ए ही अख्खी सुरुवात भाता नुसता खेचूनही वाजते आणि नुसता दाबूनही. आजोबांनी खेचतानाचा सी तेवढा चढवला होता, दाबतानाचा शहाणा ठेवला होता. पहिल्यांदा खेचून, दुसऱ्यांदा दाबून. काळी एक सर्वांत वरच्या ओळीतून. फिडलवाले त्या लांब सीवर वरून-खालून बोट उडवून जो गुंडाळा घेतात तो इथे नीट जमत नाही, तर त्यांनी तिथे नुसता स्वर धरला होता, शेवटी बीचा हलकासा स्पर्श. तो चढा सी ऐकू यावा म्हणूनच बहुतेक. त्यात तान मारली असती तर कानाला काही कळलंच नसतं.

वाजवून पाहिलं. पंचवीसला मजा येत नव्हती. माझे ते दोन घासे. टोकाशी अगदी हळू, कागदासारख्या पातळ कानशीने, एक घासा, चौकटीत बसवा, भाता ओढा, ऐका, परत काढा. चहा दोनदा गार झाला. तीसवर थांबले.

मुलीला बोटं दाखवली. तिचा प्रश्न रास्त होता: “आणि बँडमध्ये?” बँडमध्ये बऱ्याच धुनांचा सा जी, तिथे हाच सी मध्यम होतो आणि चढा मध्यम कुणीही ऐकून घेणार नाही. तिथे तिने उजव्या हाताने दाबतानाचा सी वापरायचा. तिची सवय नेमकी डाव्याने खेचायची. एक जीची रील वाजवून पाहिली, तीनदा चुकली, तिन्ही वेळा स्वतःच हसली. मग म्हणाली, “सरळ केलंत तर माझं काम सोपं होईल ना?”

“होईल की,” मी म्हटलं. “दोन मिनिटांचं काम आहे.”

ती जरा वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसली. मग रेकिश पॅडीची पहिली ओळ खेचून वाजवली, हळू, नाचाच्या लयीच्या निम्म्यानेही नाही. परत एकदा. नंतर पेटी मिटून खोक्यात ठेवली आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

बिलात मी त्या पत्तीचे पैसे लावले नाहीत. ते का, हे मालकांनी विचारलं नाही. कार्ड फायलीत लावण्याआधी त्यांनी फक्त ‘सगळं’ हा शब्द खोडला आणि वर ‘५९’ लिहिलं.